शनिवारची घाणी

या मंडळी, असे खोडाशी या. सावली शोधू नका, माघात या गोरखचिंचेवर एक पान राहत नाही. वर दुधीएवढी, मखमली सालीची फळं लटकताहेत ती बघा, हवे तेवढे फोटो काढा, पण ती हातातली काठी आधी खाली ठेवा. आमच्या वेलखार गावात या झाडाचं फळ कुणी पाडत नाही. आपण होऊन पडेल तेच उचलायचं. आतला पांढरा गर पाण्यात कोळून प्यायचा. आंबट असतो, पण उन्हात राबणाऱ्याला तरतरी येते. थोडं बी भाजून पोरं खातात. बाकीचं धुऊन, वाळवून त्या समोरच्या लाकडी घाण्यात जातं. गावात बैल आहेत, तरी वर्षातला एक शनिवार तो घाणा माणसं ओढतात. आता का, ते बसून ऐका.

फार मागची गोष्ट. तेव्हा खाडीत शिडाची गलबतं लागत, आणि हे झाड त्यांवरच्या हबशी खलाशांनी लावलं असं सांगतात. गावात सगळी घरं आगऱ्यांची, मिठागरात आणि खाजणातल्या, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेल्या, शेतात राबणारी. तेल्याचं घर एकच, हसाजीचं. हसाजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. ती मंडळी धर्म म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून सगळा मुलूख त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांचा वार आदल्या सांजेलाच लागतो, म्हणून हसाजी शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत बैलाला घाण्यापासून सोडून मोकळा होई. लोक थट्टा करीत, "हसाजी, तुझ्या बैलाचं नशीब आम्हाला दे रे बाबा!" तोही हसे. पण सगळ्या गावात आपला वार पाळणारं घर एकच. असा एखादा शनिवार उजाडेल की गाव आणि वार यांतलं एकच राखता येईल, ही धास्ती त्याच्या मनात कायम असे.

तो शनिवार आलाच. झालं असं, की एका उधाणात खाजणाच्या बांधाला खांड पडली. खारं पाणी शेतात शिरलं, भात गेलं, तीळ गेला. राहता राहिली गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर. अमावास्येच्या उधाणाआधी खांड बुजली नाही, तर तीही खारी होणार. मग गाव उठलंच म्हणायचं! लहानथोर सगळे चिखलात उतरले. पण खाऱ्या चिखलाने पाय असे फाटले की बघवेना. खोबरेल लावलं, ते घटकाभर टिकेना. चांगली धट्टीकट्टी माणसं बांधावर बसून रडू लागली म्हणे.

हसाजीला आठवलं, ते हबशी खलाशी या झाडाच्या बियांचं तेल पायाला लावीत. त्याच्या आजाने त्यांना एकदा घाणी काढून दिली होती. तो म्हणाला, "बी आणा, तेल मी काढतो." मग काय विचारता! लोक काठ्या घेऊन धावले आणि कच्ची फळं झोडून काढली. हसाजीनेही घाईघाईने ते कोवळं बी घाण्यात घातलं. तेलाचा थेंब नाही, नुसता चिकट लगदा. हातातले दिवस फुकट गेले.

मिठागरातली सगळ्यांत वडीलधारी बाई म्हणजे बायजाकाकी. जिभेला हाड नाही, पण गाव तिचं ऐके. ती झाडाखाली आली, सगळ्यांच्या हातातल्या काठ्या घेतल्या आणि मोडल्या. झाडापुढे पदर पसरून म्हणाली, "चुकलं आमचं. आता तू देशील तेव्हाच घेऊ." असं सांगतात, की तेवढ्यात वारा सुटला आणि पिकलेली फळं धपाधप खाली आली. गावाने ती फोडली, बी धुऊन अंगणाअंगणात वाळत घातलं. आणि ते खडखडीत वाळलं कधी? शुक्रवारी, दिवस बुडताना. उधाण तर रविवारी दुपारी यायचं होतं.

शनिवारी सकाळी गाव हसाजीच्या दारात उभं राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "विहीर गेल्यावर तू तरी शनिवार कुठे पाळणार रे?" हसाजी गोठ्यात गेला आणि त्याने बैलाचं दावं सोडलं. बापाने, आजाने कधी मोडलं नाही ते आपल्या हातून मोडतंय, म्हणून त्याचे डोळे भरून आले होते.

बायजाकाकी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. "बांध तो बैल. आणि तू ओट्यावर जाऊन बस."

"काकी, विहीर जाईल."

"जाते कशी? आम्ही काय मेलोय? घाण्याला खांदा लागतो, तो आमच्याकडे आहे. इतकी वर्षं आमच्या सणांना तू आधी घाणी काढून दिलीस, आणि तुझा एक वार आम्हाला सांभाळता येऊ नये? तुला रडवून काढलेलं तेल आमच्या पायाला नको."

तिने स्वतःच्या खांद्यावर जू घेतलं. मग कोण मागे राहतो! फाटक्या पायांनी माणसं घाण्याभोवती फिरू लागली. वाटेवर रक्त उमटलं. उखळातून तेल झिरपलं, त्याच वाटेवर ओघळलं, आणि ज्याचा पाय त्यावर पडला त्याची आग शमली, असं सांगतात. हसाजी ओट्यावर हात जोडून बसला होता. इतका जड शनिवार त्याने जन्मात पाळला नव्हता.

आकाशात चांदण्या दिसल्या, वार संपला, तसा तो धावतच बांधावर गेला. गाव आधीच तिथे चिखलात उतरलं होतं, आणि तेल सगळ्यांच्या पायाला लागून संपलं होतं. तेल्याचे ते मऊ पाय तसेच चिखलात उतरले. रविवारी भरती यायच्या आत खांड बुजली. पाणी बांधाला लागलं आणि माघारी गेलं. बायजाकाकीने विहिरीचं पाणी ओंजळीने पिऊन पाहिलं आणि ढसाढसा रडली. गोड होतं.

हसाजीला मात्र पाऊल टाकवेना. लोकांनी त्याला उचलून त्याच्या उंबरठ्यावर बसवलं. बायजाकाकीने घाण्यातली पेंड फडक्यात बांधून पिळली, निघालं तेवढं तेल वाटीत आणलं आणि त्याच्यासमोर मांडी घातली. "पाय पुढे कर."

हसाजीने पाय पोटाशी ओढले. "नको काकी. तुम्ही आईच्या जागी."

"आईच लावतेय रे," ती म्हणाली, आणि तिने ते पाय मांडीवर घेतले.

हसाजीचे वंशज पुढे मुंबईला गेले, तिथून इस्रायलला. घर कधीच पडलं, उंबरठा तेवढा शिल्लक आहे. आजही माघातल्या एका शनिवारी सगळं गाव खांद्याने घाणा ओढतं, आणि पहिलं तेल कुणी घरी नेत नाही. गावातली सगळ्यांत वडीलधारी बाई त्या उंबरठ्यासमोर मांडी घालते आणि म्हणते, "हसाजी, पाय पुढे कर." मग दोन पावलांना पुरेल एवढं तेल ती त्या लाकडावर घालते, आणि पुरतं जिरेपर्यंत हाताने चोळत राहते.