डोमकावळा आणि हिरवा उजेड

पुष्कळ हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. पार उत्तरेला, जिथे थंडीत महिनोन्महिने सूर्य उगवत नाही, तिथे एक डोमकावळा राहत होता. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या माणसांच्या छपरावर बसून तो बरंच काही शिकला होता.

एकदा आकाशात हिरवे झोत नाचू लागले. रेनडिअरचं एक पोरकं पाडस वर बघत म्हणालं, "गेलेले सगळे तिथे खेळतात. माझी आईसुद्धा."

"छे," डोमकावळा म्हणाला, "सूर्यापासून बारीक कण सुटतात. पृथ्वी म्हणजे मोठं लोहचुंबक, ती त्यांना ध्रुवाकडे वळवते. ते हवेवर आदळले की हवा उजळते. तिथे कुणी नाही."

पाडसाने मान खाली घातली. त्यानंतर ते कळपामागे रेंगाळू लागलं, बर्फ उकरून शेवाळही खाईना. ते बघून डोमकावळ्यालाही घास गोड लागेना. शेवटी तो त्याच्याजवळ जाऊन बसला.

"तुझी आई कुठे आहे, ते मला ठाऊक नाही. 'कुणी नाही' हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते मी पदरचं घातलं."

"आणि सूर्याचं?"

"ते खरं आहे. तो दिसत नाही, तरी त्याच्याकडून एवढं येतं."

पाडसाने मान वर केली. "आईकडून मला काय आलं?"

"बर्फाखालचं शेवाळ वासाने ओळखायला तुला कुणी शिकवलं?"

पाडसाने नाक बर्फाला लावलं आणि खुराने हळूहळू उकरायला सुरुवात केली.