आप्पांची अब्रू आणि सासूबाईंचं कार्ड

“सत्तरीनंतर कमाई न बघता सरकारी कार्ड मिळतं, ते ठाऊक आहे मला. पण मोहित्यांच्या घरची बाई फुकटात ऑपरेशन करून घेणार? घराण्याची अब्रू जाईल!” ओसरीवर आप्पा धाकट्या भावाला दबक्या आवाजात सांगत होते.

आत त्यांची नवी सून केतकी ऐकत होती. सासूबाईंच्या हृदयाची झडप लवकर बदलायला हवी होती आणि खासगी ऑपरेशनचा खर्च घराला झेपणारा नव्हता.

लग्नापासून कुणाला उलट न बोललेली केतकी चहा घेऊन बाहेर आली.

“आप्पा, पंचाहत्तरी झाल्यापासून तुम्ही एसटीनं फुकट लेकीकडे जाता, तेव्हा घराण्याची अब्रू कुठे ठेवता, तेवढी जागा सांगा. उद्या आईंना कार्ड काढायला नेताना मीही तिथंच ठेवते.”