लाकूड आणि मचवा

शूर्पारक नगरावर वीरवाहन राजाची सत्ता होती. त्या काळात बोधिसत्त्व खाडीकाठी, होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव भद्रपाल, पण सगळे त्याला सुतारबाबा म्हणत.

त्या किनाऱ्यावर मोठी जहाजेही येत, पण गोरगरिबांचा जीव ज्याच्यावर विसंबून असे तो मचवा. एक डोलकाठी, एक तिरपे शीड, पुढे निमुळते टोक आणि वीस माणसे मावतील एवढे पोट. त्यात लोखंडाचा एक खिळा नसे. फळीला फळी लावून काथ्याच्या सुंभाने शिवायची. खडकाला घासला तरी शिवण लवते, फळी फुटत नाही. मात्र खाऱ्या पाण्यात काथ्या वर्षभरात कुजतो. म्हणून पावसाळ्यात मचवा वर ओढायचा, सगळी शिवण उसवायची आणि नव्या सुंभाने पुन्हा शिवायचा. मग थोरल्या सुताराने, म्हणजे सुतारबाबाने, प्रत्येक सांध्यावरून हात फिरवायचा आणि चार लोकांत सांगायचे, हा मचवा आहे. तोवर त्याला लाकूडच म्हणायचे, मग तो आदल्या साली दहा वेळा समुद्र पार करून आलेला का असेना. बायका पोर कडेवर घेऊन किनाऱ्यावर येत त्या मालक कोण हे विचारत नसत. सुतारबाबांनी मचवा म्हटलाय का, एवढेच विचारत.

त्याच खाडीवर दामिला नावाची एक तरुण बाई राहत होती. नवरा मिठागरात राबे, ती सुंभ वळी. तिची मुलगी सात महिन्यांची होती आणि दामिलाचा जीव सारखा टांगणीला. पोरीला शिंक आली तरी ही रात्रभर तिच्या उशाशी बसे. शेजारणी हसत, म्हणत की दामिले, तू वाऱ्यालाही विचारून येऊ देशील. ती म्हणे, विचारीन, त्यात काय झालं.

त्या वर्षी राजाने समोरच्या बेटावर नवे मिठागर काढले आणि चाळीस कुटुंबांना तिकडे जायचा हुकूम सुटला. दामिलाचे कुटुंब त्यातलेच. लोकांना पलीकडे पोचवायचा मक्ता वसुभूती नावाच्या श्रेष्ठीने घेतला. सहा मचवे तयार आहेत अशी दवंडी त्याने पिटवली. लोक बोचकी बांधून किनाऱ्यावर आले. सहाही होड्या माशाच्या तेलाने नुसत्या लखलखत होत्या, सांध्यांवर राळेचा जाड लेप होता, टोकांना झेंडूच्या माळा होत्या.

दामिला मात्र पाहत उभी राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट खटकली. सहा मचवे शिवायचे तर पावसाळ्यात महिनाभर खाडीवरच्या सगळ्या बायकांचे हात सुंभ वळून सोलवटून निघतात. यंदा वसुभूतीकडचा एक माणूसही त्यांच्या दारी आला नव्हता. मग हे शिवले कशाने?

ती तशीच तडक सुतारबाबाकडे गेली. तो राजाच्या हुकमावरून होड्या तपासायला नुकताच तिथे येऊन पोचला होता. तिने कानात सांगितले. तो पहिल्या होडीपाशी बसला, सांध्यावरून हात फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सहाही होड्या पाहून झाल्यावर तो उठला आणि हात धुऊन बाजूला उभा राहिला.

वसुभूती जवळ आला. आधी गोड बोलला. बाबा, तुमच्या नातवांसाठी नवे घर बांधून देतो म्हणाला. मग म्हणाला की खाडी शांत आहे, वारा बरा आहे, दोन घटकांचे तर अंतर, तुम्हाला दोन शब्द बोलायला काय जड जाते? सुतारबाबाने नकारार्थी मान हलवली तेव्हा वसुभूतीचा सूर फिरला. राजाच्या कामात खोडा घालणाऱ्याचे काय होते ते ठाऊक आहे ना, असे त्याने विचारले. आता बघा, कुजकी होडी याची आणि गुन्हेगार कोण, तर तिला मचवा न म्हणणारा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तेवढ्यात राजा आला. श्रेष्ठीने त्याच्या कानाला लागून सांगितले की म्हातारा हट्टाला पेटला आहे. राजा उतावळा होता. त्याला आजच्या आज मिठागर सुरू व्हायला हवे होते. तो म्हणाला, "सुतारबाबा, लोक खोळंबलेत. मचवा म्हणून टाका आणि मोकळे व्हा."

सुतारबाबाने हात जोडले. "महाराज, माझी करवत मागा, घर मागा, देतो. मचवा हे नाव माझं नाही. ज्यांची पोरं त्यात बसतात त्यांचं आहे. ते मी कसं देऊ?"

"आणि मी हुकूम केला तर?"

"तर मी गाव सोडीन. पण हे लाकूड आहे."

राजाचा चेहरा उतरला. तरीही त्याने खूण केली, त्याचे शिपाई पुढे झाले आणि लोकांना होड्यांकडे ढकलू लागले. एकाने दामिलाच्या दंडाला धरले. तिच्या कडेवरची मुलगी रडायला लागली. दामिला त्या रडण्याने ताठ झाली. भीती कुठल्या कुठे गेली आणि तिथे नुसता संताप उरला. तिने दंड सोडवला, होडीपाशी जाऊन राळेच्या लेपात नख घातले आणि सांध्यातला सुंभ ओढला. तो कुजक्या पेंढ्यासारखा हातात आला. तसाच तिने तो राजापुढे धरला.

"महाराज, ह्या खाडीवर सुंभ आम्ही वळतो. यंदा श्रेष्ठींनी आमच्याकडून वीतभरही नेला नाही. तुम्हीच हात लावून बघा आणि मग सांगा, माझी पोर ह्यात बसवू का?"

राजाने तो सुंभ बोटांत धरून चोळला. त्याचा भुगा झाला. वसुभूती म्हणू लागला की एखादा धागा तसा निघायचाच. त्यावर दोघे मिठागरवाले दुसऱ्या होडीकडे गेले, मग तिसऱ्या. जिथे नख घालावे तिथे तेच. चाळीस घरे, त्यांची लेकरे, म्हातारी माणसे. दुसऱ्याच्या जिवावर इतके उदार कोणी व्हावे?

आता राजा भडकला. थोडा श्रेष्ठीवर आणि पुष्कळसा स्वतःवर. त्याने हुकूम केला की वसुभूतीला ह्याच होडीत बसवा आणि लोटा समुद्रात. लोकांनी एकच गलका केला. दामिलाही ओरडली. तिला वाटले, देव आहे म्हणायचा.

वसुभूतीला धरून होडीकडे नेले. तेव्हा सुतारबाबा पाण्यात उतरला आणि होडीसमोर आडवा उभा राहिला.

"महाराज, सोडा त्याला. हा मचवा नव्हे."

राजा म्हणाला की ते कळले आहे, म्हणूनच तर.

"मी मचवा म्हटलं नाही ते फक्त ह्या बाईच्या पोरीपुरतं नाही. माणूस कुणीही असो, कुजक्या लाकडात बसवायचा नाही. त्यालाही नाही."

दामिला चिडून म्हणाली, "बाबा, ह्यानं आमची चाळीस घरं बुडवली असती."

"बुडवली असती," सुतारबाबा म्हणाला. "तुझा राग खरा आहे, पोरी. तो ठेव. पण त्या रागापायी मला खोटं वागायला लावू नकोस."

ती बाजूला झाली. पटले म्हणून नव्हे. म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि जागचा हलायला तयार नव्हता.

राजाने हुकूम मागे घेतला. वसुभूतीचा मक्ता गेला. सहाही होड्या त्याने स्वतःच्या हातांनी उसवायच्या, आणि बायकांत बसून नव्या शिवणीसाठी सुंभ वळायचा, असे ठरले. पहिल्या आठवड्यातच त्याची बोटे फुटली. बायकांनी त्याला टोमणे मारले, पण पीळ कसा द्यायचा तेही दाखवले. दामिला महिनाभर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. त्याचा वळलेला सुंभ ती दोन्ही हातांनी ताणून बघे, ढिला असला की त्याच्यासमोर टाकून देई, आणि तो मुकाट्याने पुन्हा वळी. मिठागर महिनाभर उशिरा सुरू झाले. त्याने राज्याचे काही बिघडले नाही. होड्या नव्याने शिवल्या, सुतारबाबाने त्यांना मचवा म्हटले, मग चाळीस घरे बेटावर गेली आणि एकही माणूस पाण्यात पडला नाही.

जेतवनात ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा वसुभूती तो आजचा देवदत्त. उतावळा राजा तो आनंद. नख घालून सुंभ ओढणारी दामिला ती उत्पलवर्णा. आणि लाकडाला मचवा म्हणायला जो तयार झाला नाही, तो सुतार मीच होतो." त्या जन्मी बोधिसत्त्वाने सत्यपारमिता, म्हणजे सत्याचा सद्गुण, पूर्ण केली. सत्य मित्रासाठी एक आणि वैऱ्यासाठी दुसरे नसते.