विंगेतले रकाने

नाटक कंपनीचे मालक आणि नायकही नानासाहेबच, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. एकच खुर्ची दोघांना विकली जाऊ नये म्हणून आकडेमोड करणारे सात रकाने तिकीटविक्री सांभाळणाऱ्या हेमांगीने कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात स्क्रीनच्या कडेबाहेर लपवले होते. ते कळताच नानासाहेब सगळ्यांदेखत कडाडले, "जे दिसत नाही त्याचा उपयोग काय? आत्ताच काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"काढते," हेमांगी शांतपणे म्हणाली. "आणि विंगेत लपून तुम्हाला वाक्यं सांगणाऱ्या वझेकाकांनाही घरी पाठवते. तेही प्रेक्षकांना कुठे दिसतात?"

तिसरी घंटा व्हायला दहा मिनिटं होती. नानासाहेबांनी घाम पुसला.

"राहू देत ते रकाने," ते हळूच म्हणाले, "आणि वझ्यांची खुर्ची जरा जवळ घ्या."