भारी फेट्याचा पाहुणा

एकदा एक तरुण डॉक्टर भर लग्नमंडपात आपल्या वृद्ध गुरूंवर रुसून बसली होती. तिचं नाव शाल्मली. गुरू रक्तरोगांचे मोठे जाणकार. नातीच्या लग्नाला त्यांनी तिला अक्षरशः ओढून आणलं होतं.

तिचं चित्त मात्र वॉर्डात होतं. तिथल्या यशवंत सुतारांचा रक्ताचा कर्करोग कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता, आणि संध्याकाळी उपचार थांबवून त्यांना घरी पाठवायचं तिनं ठरवलं होतं.

"सर, सुतारांना देऊन बघ म्हणता ते तुमचं चाचणीतलं नवं औषध कर्कपेशीला मारत नाही, नुसतं तिच्या अंगावरचं एक प्रथिन झाकतं. मारायचं कुणी? तर शरीराच्या पहारेकरी पेशींनी! त्या तर झोपल्यात. शत्रू समोरून जातो, तरी ढिम्म."

"आधी जिलेबी खा," गुरू म्हणाले.

पण जिलेबी होतीच कुठे? पहिली पंगत उठायच्या आत संपत आली होती. आगंतुक शिरले होते, हे उघड होतं. नवरीचे वडील घामाघूम झाले. दाराशी नवरीचे दोन आडदांड मामेभाऊ उभे होते खरे. पण घरच्या मंडळींनी बांधला होता तसा केशरी फेटा डोक्यावर दिसला, की तेच हात जोडून "या, या, बसा" म्हणत.

गुरू उठले आणि एका रुबाबदार गृहस्थापाशी गेले. त्याचा फेटा सगळ्यांहून भारी, तुरा तर नवरदेवालाही लाजवील असा.

"पाहुणे, फेटा सैल झालाय. द्या, बांधून देतो," असं म्हणत त्यांनी तो अलगद उतरवला आणि चक्क काखेत मारला! शाल्मलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात एक मामेभाऊ पुढे झाला. "अहो, तुम्ही कुणाकडचे?"

"मी... नवऱ्याकडचा."

नवऱ्याकडच्यांनी 'आमचा नाही' म्हणून माना हलवल्या. मग काय, दोघा भावांनी पाहुण्याला दंडाला धरून बाहेरची वाट दाखवली. पठ्ठ्यानं हातातली जिलेबी काही सोडली नाही. सारा मांडव खो खो हसला.

"तुम्ही ओळखलंत कसं?" शाल्मलीनं विचारलं.

"घरच्या माणसाला फेट्याची एवढी फिकीर नसते गं. आपण इथले नाही हे ज्याला ठाऊक, तोच दुप्पट मिरवतो. 'मी घरचीच, मला हात लावू नका' असं सांगणारं प्रथिन निरोगी पेशीवरही असतं. कर्कपेशी ते अंगभर लेवून फिरते. पहारेकरी झोपलेले नाहीत, पोरी. ते मान राखताहेत."

"पण औषधानं घरच्यांचाही फेटा उतरला तर?"

गुरूंनी स्वतःचा फेटा काढला. टक्कल लखलखलं. तोच मामेभाऊ धावत आला. "आजोबा, उकडतंय का? मठ्ठा आणू?"

शाल्मलीला हसू आवरेना.

"थोडा त्रास घरच्यांनाही होतो," गुरू म्हणाले. "आणि गुण येईलच, असंही मी म्हणत नाही. पण पहारेकऱ्यांना एकदा चेहरा तर दिसू दे."

ज्याला आपण निकामी ठरवतो, तो पुष्कळदा नुसताच फसलेला असतो. शाल्मलीनं फोन काढला.

"सिस्टर, यशवंत सुतारांना आज सोडू नका. मी निघालेय."