पाकोळी

“पण फासा सहा पडला, बाई. मग ती परत का आली नाही?”

मकरंद सुर्वेने तिसऱ्यांदा तेच विचारलं. दमयंतीबाई पडवीतल्या झोपाळ्यावर बसून समोरच्या सड्याकडे, कातळाच्या उघड्या माळाकडे, पाहत होत्या. ऊन कललं होतं. लांबवर, कातळ संपतो तिथं, समुद्र नुसता चकाकत होता.

बाईंच्या खेळाला ना पट होता, ना पडदा. त्या गोष्ट सांगायच्या, आणि समोरचा त्या गोष्टीत शिरून आपलं पात्र जगायचा. नशिबाचा प्रश्न आला, की फासा टाकायचा. एवढंच.

मकरंद पुण्यात स्वतः असे खेळ चालवायचा. नियमांची जाडजूड पुस्तकं त्याला तोंडपाठ होती. पुस्तक न उघडता खेळ सांगायला शिकवणारी एक बाई रत्नागिरीकडे राहते, असं ऐकून तो पंधरा दिवसांची रजा टाकून आला होता. आज बारावा दिवस होता.

खेळात तो सरदार होता आणि त्याच्या सोबतीला पाकोळी होती. साळुंकीएवढा जीव, कातडीचे पंख, लांबुडकी चोच, चोचीत बारीक दात. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या कड्यांवर असले उडते सरडे राहायचे. मकरंदने तिला सोबत्यांच्या यादीतून हिशेबाने निवडलं होतं. खाते कमी, उडते जोरात, अंधारात दिसतं. बारा दिवसांत तिने किल्ल्या पळवल्या, पहारे हेरले, दऱ्या ओलांडल्या. आज सकाळी मात्र गेली ती गेली.

“कुठं पाठवलं होतंस तिला?” बाईंनी विचारलं.

“गुहेत. आत विषारी हवा आहे का, ते बघायला.”

“ते कसं कळणार होतं?”

मकरंद जरा घुटमळला. “परत आली तर हवा चांगली.”

“आणि नाही आली तर...”

मकरंदने हातातला फासा खाली ठेवला.

“मग कळलं की,” बाई म्हणाल्या.

झोपाळ्याची कडी कुरकुरत राहिली.

“बाई, सोबती त्यासाठीच असतो,” मकरंद म्हणाला. “नियमात तसं लिहिलंय. आणि सहा पडल्यावर...”

“सहा पडला म्हणजे तिला परत येता येईल. ती येईलच, असं कुठं लिहिलंय?”

बाईंनी सोबत्यांची यादी त्याच्यापुढे सरकवली. “दुसरी घे. पुष्कळ आहेत.”

त्याने पेन उघडलं. पाकोळीच्या नावावर रेघ मारायची आणि खाली नवं नाव लिहायचं, दोन मिनिटांचं काम. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं.

चौथ्या दिवशीची गोष्ट त्याला आठवली. खेळात थंडी पडली होती. बाई सहज म्हणाल्या होत्या, पाकोळी पंख मिटून तुझ्या मानेशी येऊन बसलीय. ‘बरं, पुढं सांगा,’ असं तो म्हणाला होता.

आता इतक्या उन्हातही त्याच्या मानेला गार लागलं.

“तिथंच बसायची का ती? रोज?”

“रोज,” बाई म्हणाल्या.

मकरंदने पेन बंद केलं. तो म्हणाला, “मी आत जातो.”

“हवा वाईट आहे.”

“माहीत आहे.”

बाईंनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. मकरंदने डोळे मिटले.

“तलवार बाहेर ठेवतोय,” तो म्हणाला. “मशालसुद्धा... जाळ नको तिथं. भिंतीला हात लावून चाललोय. भिंत ओली आहे. शिंपले रुतलेत तिच्यात. कधीतरी इथं समुद्र असणार...”

त्याचा आवाज बारीक होत गेला. बाई काहीच सांगत नव्हत्या. सांगत होता तो एकटाच, आणि हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

“वर छत दिसत नाही. डोकं जड झालंय. झोप येतेय, पण चाललोय... खाली वाकून चाचपतोय. वाळू... वाळू... इथं पाण्याची धार आहे. धारेच्या पलीकडे एक कपार...”

तो थांबला. दोन्ही हात नकळत पुढे आले होते, ओंजळ करून.

बाई झोपाळ्यावरून उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत त्याच्यासमोर खाली बसल्या. आपल्या रिकाम्या दोन्ही हातांत काहीतरी धरल्यासारखं करून त्यांनी ते अलगद त्याच्या ओंजळीत ठेवलं आणि हात काढून घेतले.

मकरंदची ओंजळ किंचित खाली गेली.

सड्यावरून वारा आला. यादीचा कागद पडवीभर फडफडत गेला, पण तो धरायला कुणीच उठलं नाही.

“एवढीशीच होती?” तो म्हणाला. “मला वाटायचं...”

डोळे उघडायची त्याला भीती वाटत होती. अंगठ्याने तो हवेतल्या हवेत काहीतरी हळूच कुरवाळत होता.

“बाई... जिवंत आहे का? फासा टाका ना तुम्ही.”

बाईंनी फासा उचलला आणि अंगणाच्या कडेच्या करवंदीच्या जाळीत भिरकावून दिला.

“मला काय विचारतोस?” त्या म्हणाल्या. “हात तुझे आहेत.”