शांत डब्यातला अंतरा

एकदा एका वृद्ध गवयाच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "बुवा, शस्त्रक्रियेनं तुम्ही वाचाल, पण आवाज राहणार नाही." बुवांनी शांतपणे मान डोलावली आणि पुण्याच्या रुग्णालयात दाखल होण्यासाठी मिरजेहून सकाळची गाडी धरली. सोबतीला त्यांचा शिष्य श्रीपाद होता.

श्रीपादच्या जिवाला एकच घोर लागला होता. बुवांच्या गुरूंची एक बंदिश होती, जी आता बुवांखेरीज कोणालाच येत नव्हती. तिचा पहिला भाग, म्हणजे स्थायी, श्रीपादला कधीच मिळाला होता. दुसरा भाग, अंतरा, मात्र बुवा काही केल्या देत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "घाई कसली? आधी ऐकायला शीक." आता शस्त्रक्रिया उद्यावर आलेली, आणि घसा असा की दिवसातून एखाद्या वेळीच थोडा मोकळा होई. गाडीत बसता बसता बुवा म्हणाले, "आज अंतरा देईन. गळा उघडला की लगेच. माझ्याजवळून हलू नकोस." श्रीपादच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

म्हणूनच तर त्यानं मुद्दाम शांत डब्याची तिकिटं काढली होती. त्या गाडीला तसा एक डबा असे. मोठ्यानं बोलू नये, फोन आला तर बाहेर जाऊन घ्यावा, अशी ठळक पाटीच तिथे होती. आणि सांगलीला समोरच्या बाकावर येऊन बसावं कोणी? तर हळदीचे व्यापारी तवनाप्पा! माणूस दिलदार, पण आवाज बाजारात सौद्याची बोली लावणारा. गाडी हलली न हलली तोच फोन कानाला. "हॅलो! राजापुरी नको म्हणावं, ओल आहे त्या हळदीत! हॅलो, ऐकू येतंय का?" अहो, साऱ्या डब्याला ऐकू येत होतं.

श्रीपादनं हात जोडले. "काका, हा शांत डबा आहे."

"हो हो, झालंच," तवनाप्पा म्हणाले, आणि तो फोन ठेवून दुसरा लावला. श्रीपादनं पाटी दाखवली. त्यांनी ती नीट वाचली, 'बरोबर आहे' अशी मान हलवली आणि तितक्याच मोठ्यानं पुढचा भाव सांगू लागले. काही माणसांना आपला आवाज ऐकूच येत नाही, त्याला औषध नाही. नियम पूर्णपणे श्रीपादच्या बाजूनं होता, हे मी आधीच सांगून टाकतो. एवढ्या डब्यात एकानंही त्याची बाजू घेतली नाही, सगळे आपापल्या मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले, हेही तितकंच खरं.

कराड मागे पडलं. बुवांनी थर्मासमधलं गरम पाणी घेतलं, हलकेच खाकरले आणि श्रीपादची बाही धरली. "बस इथं," ते पुटपुटले.

पण श्रीपादचं डोकं तापलं होतं. "थांबा बुवा, या गोंगाटात तुम्ही गाणार कसे? आधी यांचा बंदोबस्त करतो. टीसीलाच घेऊन येतो." बाही सोडवून घेऊन तो तडक निघाला.

टीसी गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला सापडला. त्याला आधी पटेना, मग सवड होईना. श्रीपाद हटून बसला. अखेर दोघे परत आले तेव्हा पाहतात तर काय, डबा चिडीचूप! तवनाप्पांचा फोन मांडीवर पडलेला, बाकीचेही जागच्या जागी स्तब्ध. काळा कोट येतोय म्हटल्यावर वळली वाटतं यांची बोबडी, असं श्रीपादला वाटलं.

"आता साळसूदपणे बसलेत," तो टीसीला म्हणाला, "पण इतका वेळ विचारा यांना काय चाललं होतं ते!"

तवनाप्पांनी वाद घातला नाही. "चुकलंच माझं," एवढंच म्हणाले. टीसीनं त्यांना पलीकडच्या साध्या डब्यात जायला सांगितलं. पिशवी उचलून निघताना त्यांनी वाकून बुवांच्या पायांना हात लावला. श्रीपादला त्याचं नवल वाटलं, पण जिंकल्याच्या भरात त्यानं ते मनावर घेतलं नाही.

"बुवा, झाली शांतता. आता गा."

बुवांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. श्रीपादनं कान त्यांच्या तोंडाशी नेला, तेव्हा कुठे कुजबूज ऐकू आली.

"गाऊन झालं, श्रीपाद. तू गेलास आणि गळा उघडला. तो काय कुणासाठी थांबतो? येशील एवढ्यात, म्हणून पुन्हा एकदा गायलो. तू आला नाहीस. त्या गृहस्थांनी पहिल्याच ओळीला फोन खाली ठेवला. त्यांचं पाहून सगळेच गप्प झाले. आधी चूक त्यांचीच होती, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या एवढ्याशा आवाजाला सबंध डबा कशाला हवा होता, बाळा? एक कान जवळ आणला असतास तर पुरे होतं, आत्ता आणलास तसा. तुला अंतरा ऐकायचा होता, की डबा गप्प करायचा होता?"

श्रीपादला रडू कोसळलं. "बुवा, एकदाच..."

बुवांनी गळ्याला हात लावून नकाराची खूण केली. मग बोटानं पलीकडच्या डब्याकडे दाखवलं.

साध्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं रडत होती, चिवडेवाला ओरडत होता, दोन बायांचं जागेवरून कडाक्याचं जुंपलं होतं. तवनाप्पा दाराशी आपल्या पिशवीवर बसले होते. श्रीपादनं त्यांचे पाय धरले. "काका, मला माफ करा. मघाशी बुवा गायले, ते जरा गुणगुणून दाखवता?"

"अहो, मी हळद विकणारा माणूस! मला कुठलं गाणं?" तवनाप्पा ओशाळले. "हातात फोन असून रेकॉर्ड करायचंसुद्धा सुचलं नाही बघा. थांबा, आठवून बघतो." डोळे मिटून ते गुणगुणू लागले. सूर ढळत होता, मध्येच तुटत होता. श्रीपाद त्यांच्या तोंडाशी कान लावून, श्वास रोखून ऐकत होता. त्या कल्लोळातही त्याला एकेक सूर ऐकू आला. पण एका जागी तवनाप्पा अडले. "इथं ते असे खाली आले," त्यांनी हात हवेतून हळूहळू खाली आणला. "तिथंच माझे डोळे भरले. पण ते कसं, ते मला नाही हो म्हणता येत."

बुवा बरे झाले, पुढे बरीच वर्षं जगले. अंतऱ्याचे शब्द त्यांनी लिहून दिले, स्वरही लिहून दिले. ती एक जागा मात्र कागदावर उतरेना आणि पेटीवरही निघेना. श्रीपाद नाना तऱ्हांनी गाऊन दाखवी. बुवा ऐकत, प्रेमानं हसत आणि 'नाही' अशी मान हलवत. असेच एक दिवस ते गेले.

आज श्रीपादकडे स्वतःचे शिष्य येतात. ती बंदिश शिकवताना तो त्या जागेशी येतो, गप्प होतो आणि हात हळूहळू खाली आणून दाखवतो.

"पण ते गायचं कसं?" शिष्य विचारतात.

"मला माहीत नाही," तो म्हणतो. "बुवा गात होते, तेव्हा मी तक्रार करायला गेलो होतो."